सोमवारची छाती आणि आत्याची काडेपेटी

आबांच्या तेराव्याला आमच्या घरी भात उरला होता. चाळीतली माणसं आली, दारात उभी राहिली, हात जोडले आणि ‘आत्ताच जेवून आलो’ म्हणून परत गेली. माझ्या वडिलांना क्षय होता असं साऱ्या चाळीनं ठरवून टाकलं होतं, आणि क्षयाच्या घरचं पाणीसुद्धा कुणी पीत नाही. आई भिंतीकडं तोंड करून पडलेली. गोदाआत्यानं भाताचं पातेलं उचललं, खालच्या गोठ्यात म्हशींपुढं रितं केलं, पातेलं घासून पालथं घातलं आणि म्हणाली, “म्हशीला तरी क्षयाचं भ्या न्हाय, वैनी. तिनं पोटभर खाल्लं.” गेल्या महिन्यात त्याच घरात गोदाआत्याचं तेरावं झालं. ताटं कमी पडली, समोरच्या नरसय्याच्या घरून पत्रावळी आणाव्या लागल्या, आणि शेवटच्या पंगतीला आम्हा घरच्यांना भातावर वाढायला आमटी राहिली नाही. या दोन जेवणांच्या मध्ये काय घडलं, ते लिहावंसं वाटतं.

ती गेल्याचा निरोप मला सांगोल्याला मिळाला, तोही एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडून. तिथल्या हायस्कुलात मी शिकवते. माझा धाकटा भाऊ दत्ता सकाळी सोलापूरच्या स्टँडवर गेला आणि आमच्या गाडीच्या कंडक्टरला सांगून आला. तो बिचारा मधल्या सुट्टीत टोपी हातात घेऊन शाळेच्या दारात उभा. “बाई, तुमच्या आत्या... काडेपेटीवाल्या...” एवढंच म्हणाला आणि थांबला. काडेपेटीवाल्या! माझी अंगठेबहाद्दर आत्या, आणि रस्त्यावरचा कंडक्टर तिला या नावानं ओळखतो. रडू यायच्या आधी मला अभिमान वाटला. खरं आहे ते लिहिते.

आमचं मूळ गाव सांगोल्याजवळचं. आजोबांची मेंढरं होती. पाण्याअभावी मेंढरं गेली तेव्हा आबा सोलापूरला येऊन गिरणीत लागले, आणि नवरा वारल्यावर त्यांची बहीण गोदाआत्याही पाठोपाठ आली. आबा कार्ड खात्यात होते. तिथं कापूस यंत्रावर पिंजून, विंचरून निघतो आणि धूळ इतकी उडते की पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या भुवया पांढऱ्या दिसतात. आत्या टाकाऊ कापूस निवडायच्या खात्यात, म्हणजे सगळ्यात घाण माल तिच्या पुढ्यात. दोघं बहीणभाऊ पहाटेच्या भोंग्याला बरोबर निघायची, बरोबर परतायची, आणि चाळीच्या नळावर डोकी झटकताना खाली पांढरा सडा पडायचा. त्यांच्या या कामावर मी शाळा शिकले, मग कॉलेजात गेले. आमच्या साऱ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. मला हे सांगायला आवडतं, आणि आत्याला माझ्याहून जास्त आवडायचं. मंडईत वांगी घेतानाही ती म्हणायची, “नीट तोल गं बाई, संगट बी.ए. हाय.”

आबांची छाती सोमवारी धरायची. रविवारी गिरणीला सुट्टी. त्या दिवशी ते मोकळे, हसते असायचे, भजनात वरचा सूर लावायचे. सोमवारी दुपार झाली की छातीवर कुणी येऊन बसल्यासारखं व्हायचं. मंगळवारी जरा उतार, बुधवारी आणखी. पुढं पुढं सगळेच वार सारखे झाले. कार्ड खात्यात हे बऱ्याच जणांना व्हायचं आणि त्याचं कारण म्हणे सगळ्यांना ठाऊक होतं... रविवारी शिंदी ढोसायची आणि सोमवारी धापा टाकायच्या! खात्यावरचे मुख्य, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते सोमवारी दारातच उभे राहून एकेकाला टोमणा मारायचे, “काय रे, काल लई झाली वाटतं?” माणसं हसून मान डोलवायची. जी थेंबही पीत नव्हती तीसुद्धा. कारण धाप लागते आणि शिंदी प्यालेला नाहीस, तर मग उरतो क्षय. प्यालेल्याला गिरणी हसून सोडून देते. क्षयवाल्याचं कामही जातं आणि पोरीचं लग्नही अडतं. म्हणून अख्ख्या खात्यानं शिंदीच्या आड तोंड लपवलं होतं. आबा मात्र माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, खोटं बोलायची सोय नाही. मग एका डॉक्टरांनी त्यांना क्षयाच्या सुया सुरू केल्या, आणि त्या सुयांबरोबर आमच्या घराला जे लागायचं ते लागलं. शेजारणी दिलेला चहा ओठाला न लावता उंबऱ्यावर ठेवून जाऊ लागल्या. माझी ठरत आलेली सोयरीक मोडली. त्याचं वाईट वाटलं, पण त्याच वर्षी माझं बी.ए. पुरं झालं, तेव्हा त्या मंडळींवर माझा राग नाही. आबा बहात्तरच्या दुष्काळात गेले. पुढचं, त्या भाताचं, वर सांगितलंच आहे.

आबांच्या जागी दत्ता लागला. त्याच खात्यात, त्याच यंत्रावर. अंगापिंडानं दणकट पोरगा, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा. मग एका सोमवारी संध्याकाळी तो जिन्यात मध्येच थांबला. आत्या वर कठड्याशी मेथी निवडत बसली होती. मी दारात होते.

“का थांबलास रं?”

“चप्पल निसटली.”

“चप्पल पायात हाय तुझ्या.”

दत्तानं खाली बघितलं. मग आबांच्या खात्यातली सारी माणसं जसं हसायची तसंच हसला. “काल जरा झाली, आत्या.”

“काल?” आत्यानं मेथी बाजूला ठेवली. “काल दिवसभर माझ्यासंगट गच्चीवर कुरडया वाळवत हुतास की. कावळं हाकलत हुतास. कवा प्यालास? कावळ्यानं पाजली?”

दत्ता कठड्याला धरून श्वास जमवत राहिला. आत्याचा चेहरा मला अजून दिसतो. ती त्याच्याकडं बघत होती, पण तिला दिसत होते आबा... “हे पोरगं खोटं बोलतंय,” ती सावकाश म्हणाली, “मंजे बाकीचीबी खोटंच बोलत्यात.” दुसऱ्या दिवशी तिनं खाडा केला आणि दत्ताचं मनगट धरून त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मीही बरोबर होते. त्या दिवसापासून तिला एकच काम उरलं. दत्ताला आबांच्या वाटेनं जाऊ द्यायचं नाही.

डॉ. बिराजदार तेव्हा नुकतेच शिकून आलेले होते. अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे, त्यामुळं मराठी जरा थांबत थांबत बोलायचे. त्यांनी विचारलं, “धाप कधी लागते?” दत्ता म्हणाला, “कवाबी.” आत्या म्हणाली, “सोमवारी.” डॉक्टरांनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली. “सोमवारीच? नक्की?” मग त्यांनी कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, पान उघडलं आणि ते आत्यापुढं न धरता माझ्यापुढं धरलं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, कापसाच्या धुळीनं, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. “मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “आपल्याकडं दुर्मीळ आहे असं शिकवतात. इथं आल्यापासून गिरणीतल्या कितीतरी माणसांना मी विचारलं. एकजणही सोमवार म्हणाला नाही. सगळे शिंदी म्हणतात.”

“मग दुर्मीळच ऱ्हानार की,” आत्या म्हणाली. “आमी बोलतच न्हाय.”

आजाराचं नाव बायसिनोसिस. ते पान मी डॉक्टरांकडून मागून नेलं आणि शब्दकोश घेऊन दोन संध्याकाळी बसून मराठीत उतरवलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, पण नाव काही तिच्या जिभेवर बसेना. तिनं तिचं नाव दिलं, सोमवारची छाती. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे वाक्य तिनं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. वेळेवर धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सावरतो, उशीर झाला तर नाही, हेही त्यात होतं. ते मात्र तिनं पुन्हा वाचून घेतलं नाही, कारण तिला तिचं उत्तर दवाखान्यातच मिळालं होतं. डॉक्टरांनी एक साधी परीक्षा घेतली होती. पेटती काडी तोंडापासून वीतभर धरायची आणि तोंड उघडं ठेवून, ओठांचा चंबू न करता, ती विझवायची; छाती आवळलेल्याला ते जमत नाही. दत्तानं दुसऱ्या खेपेला विझवली. मग आत्या म्हणाली, “धरा माझ्याम्होरं.” ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. तीनदा तसंच झालं. डॉक्टर काही सांगायला लागले तसं तिनं हात वर केला. “माझं ऱ्हाऊ द्या. पोराचं सांगा.” उठताना फक्त एक विचारलं, “माझ्या भावाला ह्येच हुतं का?” डॉक्टरांनी विचारलं, त्यांची थुंकी कधी तपासली होती का. नव्हती तपासली. “मग आता खात्रीनं काही सांगता येणार नाही,” ते म्हणाले, “पण क्षयच होता असंही कुणाला म्हणता येणार नाही.” एवढं तिला पुष्कळ झालं. घरी येताना जिन्यातल्या प्रत्येक दारात थांबून तिनं ते वाक्य ऐकवलं. दम लागत होता, तरी थांबून ऐकवलं.

पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दत्ताच्या एकट्याच्या दाखल्यावर खातं बदलून मिळेना. गिरणीच्या हपिसातल्या बाबूनं दाखला वाचला आणि हसला. एकासाठी नियम कसा करायचा, आणि सोमवारी तर अर्धं कार्ड खातं झिंगलेलं असतं, म्हणाला. एकटा दत्ता पुरेसा नव्हता, खात्यानं तोंड उघडायला हवं होतं. आम्ही आधी शिकलेल्या माणसांच्या रीतीनं गेलो. चाळीजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. डॉक्टरांनी फुप्फुसाचं चित्र टांगलं, मी मराठीत सांगत होते. मोजकी माणसं आली, शेवटी ‘काही विचारायचं आहे का’ म्हटल्यावर जमिनीकडं बघत बसली. बाहेर पडताना एकानं दुसऱ्याला कोपर मारलं, “तुला हाय व्हय रं सोमवारचं?” “मला कशाला? तुलाच असंल.” आणि सगळे हसत पांगले.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. आम्ही तिथं एका कोपऱ्यात टेबल मांडून बसायचं ठरवलं. पाटी मी रंगवली, ‘फुप्फुसविकारांविषयी मोफत मार्गदर्शन’. एका बाजूला भेळवाला, दुसऱ्या बाजूला बंदुकीनं फुगे फोडायचा खेळ. दोन्हीकडं मरणाची गर्दी आणि मध्ये आम्ही तिघं माशा मारत. आत्या बराच वेळ त्या फुगेवाल्याकडं बघत होती. मग म्हणाली, “सुमे, ती पाटी पूस. ल्ही, तोंड उघडं ठिवून काडी विझवा, बत्तासे फुकट.” डॉक्टर दचकले. “आत्या, ही तपासणी आहे, खेळ नाही.” “तपासायला कोन येतंय डाक्टर? खेळायला येत्यात.” वारा लागू नये म्हणून तिनं तीन बाजूंनी चादरी बांधल्या, काडेपेट्यांची चळत मांडली आणि तिला होता तेवढा आवाज लावला, “या, या! ह्या म्हातारीला जमत न्हाय, तुमाला जमतंय का बघा!” आधी स्वतःच काडी पेटवायची, फुंकायची, हरायची आणि बोळक्या तोंडानं हसायची. म्हातारीला हरवायला कोण येणार नाही? पोरं आली, बाया आल्या, पैलवान आले, बत्तासे घेऊन गेले.

पहिल्या संध्याकाळीच नरसय्या आला, आमचा समोरचा शेजारी, आबांच्या तेराव्याला दारातून परतलेला. बरोबर त्याची बायको. बायकोनं एका फुंकरीत काडी विझवली आणि बत्तासा तोंडात टाकला. नरसय्याला जमेना. “अय्यो, काडी ओली हाय,” तो म्हणाला.

“बायकूला कोरडी दिली आन तुला ओली? घे, दुसरी घे.”

दुसरीही जळत गेली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “नरसय्या, घरात बोलताना तर लई दम असतो की!” बायको मोठ्यानं हसली, आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघून मध्येच थांबली. आत्या टेबलावरून पुढं झुकली, आवाज खाली आणला. “सोमवारी व्हतंय न्हवं?” नरसय्यानं इकडं तिकडं बघितलं. “व्हय, आत्या.” “आन शिंदी?” “कुठली शिंदी... मला पोटात ठरत नाही ते.” तिनं चादर वर केली. मागं डॉक्टर बसलेच होते. जत्रा संपेपर्यंत त्या चादरीमागं रांग लागलेली असायची. एकाला बघून दुसरा धीर करायचा. पहिल्यांदाच माणसं एकमेकांदेखत सोमवार म्हणत होती.

शेवटच्या दिवशी मास्तर आले. कोट घातलेला, बायकापोरं बरोबर. लोकांनी वाट करून दिली. “काय गोदाबाई,” ते मोठ्यानं म्हणाले, “आमच्या माणसांची शिंदी सोडवायचं दुकान काढलं काय?” आत्या म्हणाली, “या मास्तर, बत्तासा खावा.” त्यांनी टोपी नीट केली, तोंड उघडलं, फुंकर घातली. ज्योत वाकली, उभी राहिली. लोक हसले. मास्तरही हसले. पुन्हा फुंकर घातली. आता कमी लोक हसले. तिसऱ्या वेळी कुणीच हसलं नाही, आणि काडी जळत आत्याच्या बोटापर्यंत आली. तिनं ती चिमटीत विझवली. बदला घ्यायचा असता तर तो क्षण तिच्या हातात होता. ती उठली, आपलं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं आणि म्हणाली, “बसा मास्तर, पानी प्या. आमच्या पंगतीला आलासा.”

मास्तर बसले. पाणी प्याले. “कार्डातच जन्म गेला,” ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, “सोमवारी मी दारात उभा राहायचो ना... पुढं चालवत नव्हतं म्हणून उभा राहायचो. नुसतं उभं कसं राहायचं? म्हणून कुणाला ना कुणाला काहीतरी बोलायचो.”

पुढच्या आठवड्यात मास्तर स्वतः आम्हाला घेऊन गिरणीच्या मोठ्या साहेबांकडं गेले. डॉक्टरांनी तपासण्या पुढं ठेवल्या, मी उभी राहून सरळ मराठीत बोलले, आणि मास्तर म्हणाले, “साहेब, यात मीपण आहे.” साहेब थोडा वेळ मास्तरांकडं बघत राहिले, मग आम्हा सगळ्यांसाठी खुर्च्या मागवल्या. आत्या खुर्चीच्या कडेवर बसली, पदर सावरून, जणू लग्नात वरमाई. लगेच काही झालं नाही. फेऱ्या झाल्या, वाद झाले, मुंबईहून कुणी तपासायला आलं. पण सोमवारचं कुणी लपवेना, तसं हपिसातलं हसणं बंद झालं.

आत्यानं त्यानंतर गिरणी सोडली, काडेपेटी सोडली नाही. कनवटीला काडेपेटी लावून ती बार्शीच्या गिरणकामगारांपुढं गेली, विडीवाल्या बायांमध्ये गेली, पंढरपूरला एका लग्नात वऱ्हाडी मंडळींनाही काड्या फुंकायला लावून आली. डॉक्टर मोठ्या शहरांत डॉक्टरांच्या सभांना जायचे, तेव्हा त्यांना म्हणायची, “तुमी तिकडं इंग्रजीत सांगा, मी हितं काडीत सांगते.” तिची स्वतःची छाती मात्र उतरतच गेली. शेवटच्या वर्षी ती खिडकीशी उशांना टेकून बसायची आणि एक वाक्य दोन श्वासांत बोलायची. पण कुरकुर नाही. गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा तिनं विचारलं, “शाळंत तुला काय म्हनत्यात?” मी म्हटलं, “बाई म्हणतात.” “नुसतं बाई?” तिला ते कमी वाटलं. “त्यास्नी सांग... बी.ए. म्हना.”

एक नेम तिनं शेवटपर्यंत पाळला. सोमवारी संध्याकाळी दत्ता कामावरून आला की चप्पल काढायच्या आधी त्यानं तिच्यापुढं उभं राहायचं. ती काडी पेटवायची, वीतभर अंतरावर धरायची. “फुंक.” तो तोंड उघडं ठेवून फुंकायचा. विझली की ती धूर जिरेपर्यंत बघत राहायची, मग म्हणायची, “जा, चा पी.” दत्ताचं लग्न झालं तरी हे चालू. त्याची बायको पहिल्या सोमवारी घाबरली होती, नंतर तीच काडेपेटी हातात आणून द्यायची.

ती काडेपेटी देवळीत तशीच आहे. चुलीसाठी आई दुसरी आणते, तिला हात लावत नाही. तेराव्यानंतरचा सोमवार आला तेव्हा मी अजून घरीच होते. दत्ता जिना चढून आला, दारात थांबला, खिडकीकडं बघितलं. मग आईनंच देवळीतली काडेपेटी काढून माझ्या हातात दिली. मी काडी पेटवली, वीतभर अंतर धरलं. दत्तानं तोंड उघडलं. काडी पहिल्या फुंकरीला विझली. “जा,” आई म्हणाली, “चा पी.”

दत्ता आता घडी खात्यात आहे, तयार चादरींच्या घड्या घालतात तिथं. डॉक्टरांनी तपासून नावं दिलेली कार्ड खात्यातली सगळी माणसं पगार न तुटता धुळीबाहेर आली आहेत, मास्तरसुद्धा. आणि आमच्या घरचा चहा चाळीतलं कुणी उंबऱ्यावर ठेवून जात नाही.